उतार दाराकडे

हँडल हातात आलं. मी ओढलंसुद्धा नव्हतं. रोजच्यासारखं खाली दाबलं आणि ते आपण होऊन, अगदी निमूटपणे, स्क्रूसकट माझ्या मुठीत आलं. दाराच्या पोटातून एक सळई सरकली आणि पलीकडे पॅसेजमध्ये खणकन पडली. दार मात्र होतं तिथेच. कमरेला ओला टॉवेल, केसांतून पाठीवर निथळणारं पाणी आणि हातात हे चकचकीत हँडल. दुकानात निवडताना इंजिनियर म्हणाला होता, "हेच घ्या भाऊजी, जन्मभर बघायला नको." मला आधी हसू आलं. मग राग आला. तो काही नवा नव्हता. गेले कित्येक महिने रोज सकाळी याच फरशीवर उभा राहून मी तो टूथपेस्टच्या फेसाबरोबर थुंकून टाकत आलो होतो. आज आम्ही दोघं एकाच खोलीत कोंडले गेलो होतो, मी आणि माझा राग.

"दार उघडत नाहीये," मी दारावर थापा मारत ओरडलो. स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. बायकोची पावलं आली. तिने बाहेरचं हँडल फिरवून पाहिलं असावं, कारण नुसताच कुरकुर आवाज आला.

"नुसतंच फिरतंय हो हे."

"फिरणारच. आतला दांडा पडलाय. तिथेच असेल बघ तुझ्या पायाशी."

"हा का? हा कुठे घालायचा?"

"मला काय विचारतेस? तू कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलाव."

तिने दांडा खाली ठेवला. मग म्हणाली, "मी माझ्या भावाला फोन करते. जवळच आलाय तो, लगेच पोचेल. त्याचंच काम आहे, त्याला माहीत असणार."

"त्याचंच काम आहे, हेच मी इतके दिवस सांगतोय," मी दाराला सांगितलं. ती तोवर फोनकडे गेली होती.

इंजिनियर म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. इंजिनियर तो नाही. लहान असताना त्याने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं आणि परत जोडलं, एवढ्या भांडवलावर त्याच्या आईवडिलांनी त्याला ही पदवी बहाल केली. ते घड्याळ पुढे चाललं का, हे त्या घरात कोणी कधी विचारलं नाही. मी लग्नानंतर एकदा सहज विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "जोडलं ना पण त्याने!" त्या घरात मार्क करण्याला असतात, चालण्याला नसतात. सासूसासरे दोघंही गेले, आणि हे मार्क द्यायचं काम माझ्या बायकोच्या गळ्यात आलं. तो घरांची कामं घेतो, न्हाणीघरं, स्वयंपाकघरं, रंग, फरश्या. एके काळी त्याच्या हाताखाली बरीच माणसं होती. मग एकेक करून सोडून गेली. "माणसं टिकत नाहीत हल्ली," असं तो म्हणतो. माणसांना विचारलं तर ती काय म्हणतील याचा मला अंदाज आहे, पण माझं कोण ऐकतं? आमचं जुनं बाथरूम फोडायचं ठरलं तेव्हा ते कोणाला द्यायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, असं कोणी म्हटलंही नाही. ते आमच्या घरात हवेतच असतं. आणि घरचा म्हटल्यावर त्याला काय सांगायचं? त्याने काही विचारलं नाही. घरच्यांना काय विचारायचं? नळ कुठे हवा, आरसा किती उंचीवर, पाणी कोणत्या कोपऱ्यात जायला हवं, यातलं एक अक्षर कोणी काढलं नाही. "तुम्ही निर्धास्त राहा, भाऊजी," एवढंच तो म्हणाला, आणि मी मूर्खासारखा निर्धास्त राहिलो.

आता हा आरसाच घ्या. इंजिनियर उंचापुरा आहे, त्याने तो स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि तिथेच भोक पाडलं. मला त्यात मी नाकापासून वर दिसतो. दाढी करताना टाचा उंच करायच्या, हनुवटी वर करायची आणि गालाचा खालचा भाग अंदाजाने उरकायचा. परवा ऑफिसात एकाने विचारलं, "साहेब, हल्ली गळ्याखाली राहून जाते वाटतं?" मी म्हटलं, वयाचा दोष. दुसरं काय सांगणार? गरम पाण्याचा नळ उजवीकडे आणि गारचा डावीकडे, म्हणजे जगाच्या उलट. वॉश-बेसिनशेजारची एक फरशी बाकीच्यांपेक्षा नखभर वर आलीय. अंगठ्याला ती ठेच लागते आणि नेमकी घाईच्या दिवशी लागते. वर पंख्यासाठी गोल भोक आहे, पंखा नाही. त्यातून शेजाऱ्यांच्या घरातली फोडणी येते आणि त्यांचं भांडण येतं. पण हे सगळं एका बाजूला आणि पाणी एका बाजूला. जाळी खिडकीखाली आहे. उतार आहे दाराकडे. आंघोळीचं पाणी जाळीकडे पाठ फिरवून सरळ दाराशी येतं, तिथे थबकतं, आणि मग दाराखालच्या फटीतून पॅसेजमध्ये जातं. आत्ताही ते माझ्या पायांभोवती साचलेलं होतं, कोमट होतं ते गार होत चाललं होतं. मी सरकलो तर तेही सरकायचं. मी आपला एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभा राहिलो. बसायला कमोड सोडून जागा नव्हती आणि कमोडवर बसून सुटकेची वाट बघणं मला कमीपणाचं वाटलं.

तो काम करत होता ते आठवडे मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. शेजाऱ्यांकडे टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला जायचं. ताटावर, उशीवर, चष्म्यावर सिमेंटची पूड. ऑफिसातून आलो की पॅसेजमध्ये वाळूची पोती, आणि आत इंजिनियर एकटाच उकिडवा बसून फरशी ठोकतोय, तोंडाने काहीतरी गुणगुणतोय. एकटाच, कारण फरशी बसवणारा त्याचा शेवटचा कारागीर मध्येच निघून गेला होता, आणि फरशीचं काम याने जन्मात स्वतः केलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की बायको त्याला गरमागरम वाढतेय, तो भरभरून बोलत जेवतोय, आणि ती त्याच्याकडे बघत बसलीय, हातातला डाव तसाच धरून. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मी आमच्या लग्नात इतक्या वर्षांत फार वेळा पाहिलेलं नाही. शेवटच्या दिवशी त्याने मला हाक मारली, "भाऊजी, या, बघा." भुवया पांढऱ्या झालेल्या. त्याने तांब्याभर पाणी घेतलं आणि मोठ्या ऐटीत फरशीवर ओतलं. पाणी जरासुद्धा न घुटमळता दाराकडे निघालं. मी ते पाहिलं. त्याने पाहिलं नसावं, कारण तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्यामागे बायको उभी होती, तीही माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "छान झालंय." दोन माणसं अशी तोंडाकडे बघत असताना दुसरं काय म्हणतात, मला कोणी सांगावं.

आणि हे माझ्याच बाबतीत व्हावं! मी एका घरगुती उपकरणांच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. दिवसभर लोक माझ्याकडे येऊन सांगतात की फ्रीज गार करत नाही, पंखा आवाज करतो, मिक्सरमधून धूर येतो. तक्रार करायलाही अक्कल लागते, हे मी आमच्या नव्या लोकांना नेहमी सांगतो. काय बिघडलंय, कधीपासून, काय करून हवंय. आणि ज्याच्या हातात ते आहे त्याला सांगायचं. अर्धे लोक फाटकावरच्या रखवालदारावर ओरडून घसा बसवून घेतात. का, तर तो समोर उभा असतो आणि उलट बोलत नाही. बिचाऱ्याने फ्रीज बनवलेला नसतो. आम्ही चहा पिताना त्या लोकांना हसतो. मी तर त्यांच्या नकलाही करतो. माझी नक्कल आमच्याकडे प्रसिद्ध आहे.

घरी मात्र रोज सकाळी चहा घेताना मी म्हणायचो, "पाणी आजही दाराशी." बायको म्हणायची, "सांगते त्याला." दोन दिवसांनी, "सांगितलंस का?" "सांगते हो." मग मी म्हणायचो, "तुझ्या भावाला निदान उतार कशाला म्हणतात ते तरी विचार." अंगठ्याला ठेच लागली की मी बाथरूममधून ओरडायचो, "अगं, तुझ्या भावाची फरशी!" दाढी राहिली की, "तुझ्या भावाचा आरसा!" ती मात्र कधी आवाज चढवायची नाही. कधीकधी मला वाटायचं, हिने एकदा भांडावं. एकदा म्हणावं, हो, वाईट आहे काम, काय करू मी? एवढं जरी ती म्हणाली असती तरी माझं निम्मं दुखणं गेलं असतं. पण ती फक्त उठायची, ढोपरापर्यंत साडी वर खोचून रबरी पट्टीने पाणी जाळीकडे ढकलून यायची आणि पुन्हा चहाला बसायची. रविवारी इंजिनियर यायचा. मग आम्ही दोघं हॉलमध्ये बसून त्याच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या बढतीबद्दल, महागाईबद्दल बोलायचो. तो विचारायचा, "बाकी काय, भाऊजी, सगळं ठीक ना?" मी म्हणायचो, "सगळं ठीक." आतून कप विसळल्याचा आवाज यायचा.

आणि आज तर दिवसच असा होता. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आमचं बाथरूम बघायला येणार होत्या. त्यांच्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्या वॉकर घेऊन चालतात, त्यांच्यासाठी बाथरूम नव्याने करून घ्यायचंय. आमच्याकडे काम झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. काल संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "उद्या त्या आल्या की जरा बरं बोला."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे वाईट बोलू नका."

"आणि ती म्हातारी घसरून पडली म्हणजे?"

तिने एक उशीचा अभ्रा घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला. "त्याच्याकडे दुसरं काम नाहीये," ती म्हणाली. "हे मिळालं तर पुढची मिळतील. सगळी बिल्डिंग त्या बाईंचं ऐकते. नाही मिळालं तर तो जाणार आहे. लांब कुठेतरी, ओळखीच्या माणसाचं गोदाम आहे म्हणे, तिथे देखरेखीला. एकदा तिकडे गेला की मग कुठला येतोय?"

मला तिची कीव आली, नाही असं नाही. पण त्याच क्षणी अंगठा ठणकला, आणि मी म्हणालो, "विचारलं तर मी खरं तेच सांगणार. मनात साठवून साठवून मला अल्सर व्हायची वेळ आलीय." ती म्हणाली, "सांगा. तुमचं तोंड आहे." त्यानंतर जेवताना फक्त वाढपापुरतं बोलणं झालं. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. बाई, त्याचा हेतू चांगला आहे, पण. बाई, तो आमचा नातेवाईक आहे, त्यामुळे मला बोलायला अवघड जातंय, पण. बाई, तुम्ही स्वतःच पाणी ओतून बघा. हे शेवटचं मला फार आवडलं होतं. काही न बोलता पाणीच सगळं सांगेल. सकाळी आंघोळ करतानाही मी ते घोकत होतो, आणि घोकत घोकतच हँडल दाबलं होतं.

बेल वाजली. लगेच पुन्हा वाजली. दोघंही बहुधा जिन्यातच भेटले असावेत, कारण इंजिनियरचा मोठा आवाज आणि बाईंचा बारीक आवाज एकदमच पॅसेजमध्ये शिरले.

"या ना, या, डॉक्टर. काम आत आहे. ताई, काय झालं गं? हँडल का? अरेच्चा. नवंच आहे की ते!"

"आत कोणी आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमचे हे आहेत," बायको म्हणाली.

"अय्या! मग मी नंतर येऊ का?"

"छे, छे, आता काढतो मी त्यांना," इंजिनियर म्हणाला. "भाऊजी, आहात ना?"

कुठे जाणार होतो? मी म्हटलं, "आहे."

टॉवेल सारखा केला, जणू त्या मला बघत होत्या. दाराखालच्या फटीतून त्यांच्या पायांच्या सावल्या दिसत होत्या, आणि माझ्याकडचं पाणी हळूहळू त्या सावल्यांकडे जात होतं. बाईंनी पाय मागे घेतला. मग त्यांनी अगदी साध्या, कामाच्या आवाजात विचारलं, "तुम्ही वापरताय म्हणून विचारते हं. कसं वाटतंय काम? सासूबाईंचा पाय घसरायला नको, एवढंच माझं म्हणणं."

हीच ती वेळ. इतके महिने ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न दाराच्या फळीइतक्या अंतरावर येऊन उभा होता, तोही माझी लाज राखून, कारण मला कोणी बघत नव्हतं. कोणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. कोणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. माझी सगळी वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं आणि मला इंजिनियरचा श्वास ऐकू आला. जिने चढून आलेल्या जाड माणसाचा श्वास, नाकातून शिट्टीसारखा येणारा. तो दाराला अगदी कान लावून उभा होता. बायकोचा काहीच आवाज येत नव्हता. मी म्हणालो, "मी... बाहेर आलो की बोलू आपण."

"हो हो, सावकाश," बाई म्हणाल्या.

"भाऊजींना विचारायचं काय त्यात?" इंजिनियर हसत म्हणाला. "त्यांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं, छान झालंय म्हणून. मी तुम्हाला माप घेऊन..."

"नका देऊ त्याला काम," बायको म्हणाली.

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. ती इतक्या साध्या आवाजात बोलली होती की जणू वाण्याला काय काय हवंय ते सांगत असावी. "माझा सख्खा भाऊ आहे तो. पण नका देऊ. पाणी दाराकडे येतं. बघा ना, आत्ता तुमच्या पायाशी आलंय. जाळीकडे जातच नाही, रोज ढकलावं लागतं. बेसिनजवळ एक फरशी वर आलीय, ह्यांच्या अंगठ्याचं नख ठेचा लागून काळं पडलंय. कमोडशेजारी आधाराला दांडी लावलीय ती भिंतीत नीट बसलेली नाही, जोर दिला की हलते. सासूबाई त्या दांडीलाच धरून उठणार ना? ती त्यांच्या हातात येईल. आणि हे हँडल तर तुम्ही बघताच आहात. म्हाताऱ्या माणसाला ह्या बाथरूममध्ये मी एकटं सोडणार नाही."

दांडी हलते हे मला माहीत नव्हतं. मी तिला कधी हात लावला नव्हता. मी आता हात पुढे केला आणि हळूच ओढून पाहिलं. दांडी हलली. म्हणजे तिने सगळं पाहिलं होतं. माझ्यापेक्षा नीट पाहिलं होतं, रोज, आणि माझ्यासमोर एका शब्दाने कबूल केलं नव्हतं. मला हवं होतं ते सगळं तिने एका दमात म्हटलं होतं, काम वाईट आहे, भाऊ चुकला, नवरा म्हणतो ते खरं. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला ओरडून सांगावंसं वाटलं की नाही हो बाई, एवढं काही नाही, चालतंय, छान आहे. मी दारावर हातही उचलला. पण काय बोलणार, आणि कोणाशी?

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि जरा थांबून, "मी येते हं." त्यांच्या चपलांचा आवाज पॅसेजमधून, हॉलमधून दरवाज्यापर्यंत गेला. बायकोची पावलं त्यांच्यामागे गेली, परत आली ती या बाजूला आली नाहीत, स्वयंपाकघरात गेली. इंजिनियरच्या नाकातली शिट्टी मात्र दाराला चिकटूनच होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला माझेच कान गरम झालेले कळत होते. मला वाटलं, हा आता निघून जाईल, मला इथे ठेवून. गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

"भाऊजी," तो म्हणाला. "आतला खटका अडकलाय, सळई घालूनही फिरायचा नाही. दार आत उघडतं, म्हणजे बिजागऱ्या तुमच्या बाजूला आहेत. बाहेरून काही करता यायचं नाही, फोडायला लागेल. त्यापेक्षा तुम्हीच काढा. हा घ्या." आणि दाराखालच्या फटीतून एक स्क्रू-ड्रायव्हर पाण्यातून सरकत माझ्या पायाशी आला. दार खालून एवढं कापलेलं नसतं तर तो आला नसता, हे माझ्या लक्षात आलं आणि मला त्याचाही राग आला. "खालची आधी काढा. वरची शेवटी ठेवा, नाहीतर दार अंगावर येईल. घाई करू नका, आहे मी."

मी पाण्यात उकिडवा बसलो. टॉवेल भिजून जड झाला. आयुष्यात मी फार स्क्रू काढलेले नाहीत, पण हा लगेच निघाला. दोन पिळांत हातात आला. मी दुसरा शोधायला गेलो तर बिजागरीच्या बाकीच्या भोकांत काहीच नव्हतं, मोकळी भोकं माझ्याकडे बघत होती.

"बाकीचे स्क्रू कुठे आहेत?" मी विचारलं. बाथरूमबद्दल मी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"एकेकच लावलाय, भाऊजी. बाकीचे नंतर लावणार होतो."

"नंतर म्हणजे कधी?"

"राहून गेलं," तो म्हणाला.

मधली काढली. वरच्या बिजागरीला पोचायला मला कमोडच्या झाकणावर चढावं लागलं. एका हाताने टॉवेल, एका हाताने स्क्रू-ड्रायव्हर. तो बाहेरून सांगत होता, "आता खांदा लावा दाराला. हं. मी इकडून धरलंय. सोडा." दार मागे झुकलं आणि सगळंच्या सगळं माझ्या मिठीत आलं. वजन चांगलंच होतं. दाराच्या कडेवरून इंजिनियरचा चेहरा दिसला. केस विस्कटलेले, नाकाचा शेंडा लाल. त्याने माझ्या हातातून दार अलगद काढून घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. आता मी उंबऱ्याच्या आत, तो बाहेर, मध्ये काही नाही. पाणी आमच्यातून वाट काढत पॅसेजमध्ये चाललं होतं. मी आता त्याला सगळं सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. उतार, आरसा, फरशी, नळ. आणि माझ्या ध्यानात आलं की माझ्या वाट्याला बोलायला काही उरलेलंच नाही. तिने एकही गोष्ट सोडली नव्हती. आरसा नि नळ तेवढे राहिले होते, पण त्यांच्याबद्दल काय बोलायचं?

"भाऊजी," तो हळू म्हणाला, स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये इतकं हळू, "हे तुम्ही मला सांगायचं होतंत. मी पुन्हा केलं असतं. शिव्या दिल्या असत्यात तरी चाललं असतं. ताईला कशाला लावलंत बोलायला?"

"मी कुठे लावलं?" मी म्हणालो. "मी तिला काहीच..."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, माझ्याकडे बराच साठा होता. तो खाली बसला, पिशवीतून त्याने मूठभर स्क्रू काढले आणि चौकटीवर दार परत चढवायला घेतलं. या वेळी सगळ्या भोकांत स्क्रू बसवले. सळई घातली, हँडल आवळलं, उघडून बंद करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मी तोवर कपडे घालून पॅसेजमध्ये उभा होतो, ऑफिसला उशीर झालेल्या माणसासारखा. चहा घेतोस का, असं विचारावंसं वाटलं, पण आमच्या घरी त्याला चहा मी कधी विचारत नाही. तो न विचारता येतो. आज आला नव्हता.

"जायच्या आधी उतार नीट करून देतो," तो हात पुसत म्हणाला. "जाळीपासून दारापर्यंत फरशी काढायला लागेल. दांडीपण. तुम्ही आणि ताई असाल तेव्हा सांगा."

"जायच्या आधी म्हणजे, ते नक्की झालं का?"

"आता झालंच की," तो म्हणाला.

त्याने पिशवी खांद्याला लावली. दरवाज्यापाशी जाऊन एका पायात चप्पल घातली, आणि मान वळवून नेहमीसारखी स्वयंपाकघराकडे बघून हाक दिली, "ताई, येतो गं."

आतून नळाचा आवाज येत होता. तो उभा राहिला. दुसरी चप्पल त्याने पायाच्या बोटाने जवळ ओढली, पण घातली नाही. त्याच्या आईचीच शिकवण असणार ती, किंवा कोणाची तरी. आतून 'ये' आल्याशिवाय हा माणूस आमच्या घरातून कधी बाहेर पडलेला मला आठवत नाही. भांडून निघाला होता तेव्हासुद्धा नाही. "ताई," तो परत म्हणाला, "येतो." भांडं आपटल्याचा आवाज आला. नळ चालूच होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, "ये. ये रे. सावकाश जा." माझा आवाज मलाच ऑफिसातला वाटला, खिडकीवरच्या माणसाला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगतो तसला. त्याने मान हलवली, माझ्या खांद्यावरून आत आणखी एकदा पाहिलं, चप्पल घातली आणि गेला. जिन्यावर त्याच्या पायांचा आवाज कितीतरी वेळ येत होता, कारण तो गुडघ्यामुळे एकेक पायरी उतरतो.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळाखाली एकच पेला होता आणि तो केव्हाचा स्वच्छ झाला होता. मला पुष्कळ बोलायचं होतं. तू बरोबर केलंस, असं म्हणावंसं वाटत होतं. तू असं का केलंस, असंही वाटत होतं, आणि का कोण जाणे, दुसरंच जास्त वाटत होतं.

"गेला?" तिने न वळता विचारलं.

"गेला."

"मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "तोंडातून शब्दच निघेना."

"मी म्हटलं त्याला," मी म्हणालो. "मी म्हटलं, ये."

तिने नळ बंद केला. आवाज थांबल्यावर स्वयंपाकघर एकदम मोठं वाटायला लागलं. ती वळली, माझ्याकडे पाहिलं, आणि मला इतके दिवस जे हवं होतं, ते तिच्या तोंडावर अगदी उघड होतं. ती माझ्यावर चिडली होती.

"तुम्ही म्हणून काय उपयोग?" ती म्हणाली.